पहिली चूक आधी

तंत्रनिकेतनात मी पहिल्या वर्षाला ‘सी’ भाषा शिकवत असे, तेव्हाची गोष्ट. प्रात्यक्षिकाच्या तासाला एक मुलगी जर्नल मिटून बसली होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा छोटा प्रोग्रॅम तिने लिहिला होता आणि कंपायलरने सात चुका दाखवल्या होत्या. “सर, मला हे जमणार नाही. मी ब्रँच बदलून घेते.”

मी म्हटलं, “अगं, फक्त पहिली चूक वाच. खालच्या सहांकडे बघूच नकोस.”

कंपायलर म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत नेणारा दुभाष्या. तो वरून खाली वाचत जातो आणि एकदा अडखळला की पुढचं त्याला भलतंच दिसू लागतं. त्याची पहिली तक्रार अशी : पाचव्या ओळीत ‘इंट’च्या आधी स्वल्पविराम किंवा अर्धविराम हवा होता. बिचारीने पाचवी ओळ दहादा तपासली होती आणि ती निर्दोष होती! मेख ‘आधी’ या शब्दात. चौथ्या ओळीत ‘टोटल’ला शून्य किंमत दिली, पण शेवटचा अर्धविराम राहिला. सीमध्ये ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही. त्यामुळे चूक कळते ती पुढचा शब्द आल्यावर. त्या गोंधळात कंपायलरने पाचवी ओळ सोडूनच दिली. तिच्यात पाच विषयांच्या गुणांसाठी पाच नावं नोंदवलेली. ती त्याला अनोळखी झाली. पाच नावं, पाच तक्रारी.

तिने अर्धविराम दिला. सातांवरून एकदम एक! (मुलं बहुधा खालून सुरुवात करतात आणि नसलेल्या चुका दुरुस्त करताना खऱ्या करून ठेवतात.) उरलेली तिची तिनेच शोधली. एके ठिकाणी ‘टोटल’च्या स्पेलिंगमधलं ‘ए’ गळलं होतं.

पडद्यावर सरासरी आली, ७०.००. तिचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. जर्नलच्या मागच्या पानावर तिने हिशेब केला होता : ३५२ भागिले ५, म्हणजे ७०.४०.

“सर, आता कंपायलर काहीच का बोलत नाही?”

बोलणार कसा? व्याकरण बरोबरच होतं. सीमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो, दशांश गळून जातो. “पाचाच्या जागी ५.० लिही,” एवढंच मी सांगितलं.

घंटा झाली, लॅब रिकामी झाली, तरी ती वेगवेगळे गुण घालून सरासरी काढत होती. दर वेळी आधी कागदावर.