चिपिंग कॅम्डनचा बाजारमंडप

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनावरून सकाळीं निघालेला प्रवासी मोरटन-इन-मार्श येथें उतरतो आणि तेथून बसनें दुपारच्या आंत चिपिंग कॅम्डनला पोंचतो. ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजींत बाजार. गांवाच्या नांवांतच पेठ आहे! मधासारख्या रंगाच्या चुनखडी दगडाचें हें गांव लोंकरीच्या व्यापारावर वाढलें. १४०१ सालीं निवर्तलेल्या विल्यम ग्रेव्हल या लोंकर-व्यापाऱ्याची पितळी प्रतिमा सेंट जेम्सच्या प्रार्थनामंदिरांत आहे. ती पाहावीच, पण घटकाभर थांबावें तें हमरस्त्यावरील बाजारमंडपापाशीं.

रेशीम विकून व राजाला कर्ज देऊन गबर झालेल्या सर बॅप्टिस्ट हिक्स यानें १६२७ सालीं तो बांधला, लोणी, चीज व कोंबड्या विकणाऱ्यांना आडोसा म्हणून. दगडी कमानी, ओबडधोबड फरसबंदी, वर लांकडी आढें, बस्स, इतकेंच. १९४० नंतरच्या दशकांत हा मंडप एका अमेरिकन गृहस्थाला विकला जाण्याच्या बेतांत होता. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, तो विकत घेतला आणि नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केला. धनिकानें दिलेलें छप्पर सामान्यांनीं पदरमोड करून राखलें!

आज लोणीवाले तेथें नाहींत. पावसाची सर आली म्हणजे परतीच्या बसची वाट पाहणारा प्रवासी त्याच कमानीखालीं शिरतो, आणि त्याबद्दल त्याच्याजवळ कोणी एक पेनीहि मागत नाहीं.