सांगणेप्रमाणे बरोबर आहे



ज्या महापुरुषाचे नाव अमरावतीच्या या विद्यापीठाने धारण केले आहे, त्याच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी 1876 साली एका परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले. दिवसा गाव झाडावे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनास बसवावे, हा त्यांचा परिपाठ सर्वश्रुत आहे. परंतु त्या कीर्तनाच्या एका विशेषाकडे मला आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. बाबा अस्सल वऱ्हाडीत प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून घेत; त्यामुळे ज्या सालदाराला पाटलाच्या ओट्यापुढे तोंड उघडण्याची मुभा नव्हती, त्याचाही आवाज त्या रात्री गावाच्या कानी पडे. लोकशिक्षणाचे इतके मोठे कार्य आमच्या प्रांतात दुसऱ्या कोणी केले असेल, असे मला वाटत नाही.

याच अमरावती नगरीत 13 नोव्हेंबर 1927 रोजी इंद्रभुवन नाट्यगृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्य समाजाची परिषद भरली. अंबादेवीच्या दर्शनाचा हक्क हा तिच्यापुढील प्रश्न होता, आणि पापळच्या शेतकरी कुटुंबातून विलायतेपर्यंत विद्या संपादन करून आलेले तरुण बॅरिस्टर पंजाबराव देशमुख त्या चळवळीच्या अग्रभागी होते. देवस्थानाच्या पंचांना विचारास अवधी मिळावा म्हणून सत्याग्रह त्या वेळी पुढे ढकलण्यात आला. ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या अपमान झाला, त्यांनीच सबुरी दाखविली. शांततेची किंमत नेहमी त्यांच्याकडूनच वसूल होते, हे इतिहास वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे. पंजाबरावांनी पुढे 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली, आणि आज या मंडपात बसलेल्यांपैकी अनेकांच्या आजोबांनी आपली पहिली अक्षरे तिच्याच आश्रयाने गिरविली असतील.

आता ज्या लोकांपर्यंत ही अक्षरे फार उशिरा पोचली, त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने बोलतो. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि पारध्यांसह अनेक जमातींतील माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. त्याने हजेरी द्यावी, परवान्यावाचून गावाची शीव ओलांडू नये, असा हुकूम सुटला. 10 डिसेंबर 1948 रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा जगाने मान्य केला, 26 जानेवारी 1950 रोजी आमची राज्यघटना अंमलात आली, तरी तो कायदा रद्द होण्यास ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. त्यानंतर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तितर-लाव्यांना फासे लावण्याचा पारध्यांचा पिढीजात धंदाही बेकायदा ठरविला. अरण्याचे रक्षण अवश्य व्हावे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु पर्यायी उपजीविकेचा विचार त्याच तत्परतेने झाला नाही, ही गोष्ट मी क्षम्य मानीत नाही.

आणि दाखल्याचे काय? अनुसूचित जमातीचा दाखला हवा असेल तर अर्जदाराने आपल्या पूर्वजांच्या वास्तव्याचा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा जोडावा, असा नियम आहे. ज्याला सातबारा नाही, ज्याच्या आज्याचे नाव कोणत्याही शाळेच्या दाखलखारिज नोंदवहीत नाही, ज्याच्या घराण्याची सरकारदरबारी काही लिखापढी झालीच असेल तर ती बहुधा पोलिसांच्या दफ्तरातच, त्या फासेपारध्याच्या मुलाने हा पुरावा कोठून आणावा? नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने जिल्हा परिषदेची नोकरी सोडून या मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिचे नाव ‘प्रश्नचिन्ह’ ठेवले. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेची काही बांधकामे गेली. राजमार्ग व्हावेत, पण भीक मागणारी मुले जेथे पाटी धरू लागली होती, त्या जागेवरून मोजणीची साखळी नेताना तेथल्या माणसांना आधी पुरते ऐकून घेणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच ठरते.

मेळघाटात याहून सूक्ष्म प्रकार घडतो. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू मातेची भाषा मराठी नव्हे, हिंदीही नव्हे. ती संथाळी-मुंडारीच्या कुळातली. कुपोषित मूल घेऊन ती रुग्णालयात येते आणि दोन दिवसांनी परत निघते. कागदावर शेरा पडतो की पालकांनी उपचारास नकार दिला. घरी दुसरे तान्हे आहे, दाणागोटा संपला आहे, मजुरीला परमुलखात जाणारी टोळी उद्या निघणार आहे, हे ती सांगत असते. परंतु ऐकणाराला तिची भाषा येत नाही आणि नमुन्यात त्यासाठी रकाना नाही. जबाबाखाली ठरीव वाक्य असते: ‘हा जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.’ त्या वाक्याखाली तिचा अंगठा उमटतो, आणि तिने जे सांगितलेच नाही ते कायमचे तिचे म्हणणे होऊन बसते.

शहरांतही हेच घडते. अमरावतीने नोव्हेंबर 2021 मध्ये आणि अकोल्याने मे 2023 मध्ये दंगलीचे दिवस पाहिले. त्या दिवसांत हातगाडी बंद राहिल्याने ज्याची चूल पेटली नाही, त्याचा जबाब घेण्यास कोणी गेले असेल काय? ज्या वस्तीचे गाऱ्हाणे कचेरीत नोंदले जात नाही, तेथे अफवेवर विश्वास ठेवणारे पुष्कळ मिळतात, हे माझे निश्चित मत आहे.

स्नातकहो, तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी वैद्य, वकील, शिक्षक, वार्ताहर. वंचितांच्या वतीने भाषणे करणारे पुष्कळ आहेत. तुमच्याकडून माझे मागणे निराळे आहे. दुबळ्या माणसाची जबानी लिहून घेण्याचे काम तुमच्याकडे येईल, तेव्हा त्याला आधी बसावयास सांगा. त्याचे बोलणे त्याच्याच शब्दांत उतरवा, रकाना अपुरा पडला तर पुरवणी जोडा. धारणीला बदली झाली तर ती शिक्षा समजू नका. कामापुरती कोरकू शिकून घ्या. आणि जबाब खरोखर मोठ्याने, सावकाश वाचून दाखविल्यावाचून कोणाचाही अंगठा घेऊ नका. एवढे वचन या व्यासपीठावरून मी तुमच्यापाशी मागतो.