रिव्हेट मारायला दोघं लागतात



सूत्रसंचालन करणाऱ्या ताईने माझी ओळख 'विमान बनवणारे पाहुणे' अशी करून दिली. ऐकायला छान वाटलं, पण मी विमान बनवत नाही. मी ते तपासून त्यावर सही करणारा. पायलट टोपी घालून पुढे बसतो आणि आम्ही ग्रीस लागलेल्या हातांनी खाली उभे असतो. मात्र आज बोलायचं आहे ते खरोखर विमान बनवणाऱ्या माणसाबद्दल, कारण त्याच्या गोष्टीत आपल्या पालघर जिल्ह्याचं नाव येतं.

कॅप्टन अमोल यादव. जेट एअरवेजमध्ये पायलट होते. मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. हो, गच्चीवर, जिथे आपण पापड-कुरडया वाळत घालतो तिथे. १९९८पासून त्यांची धडपड चालली होती. आधीची दोन विमानं हवेत गेली नाहीत, तरी तिसरं हाती घेतलं. २०१६च्या फेब्रुवारीत मुंबईत 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा ते सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं. लोकांनी रांगा लावून पाहिलं.

मग ते उडालं कधी? नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७मध्ये. उड्डाण-चाचणीचा परवाना मिळाला ऑक्टोबर २०१९मध्ये. आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत गेलं २०२० साली. बांधून झाल्यावर चार वर्षं! वर्तमानपत्रांनी लाल फितीला शिव्या घातल्या. त्यात तथ्य होतं. घरी विमान बांधणाऱ्यासाठी आपल्याकडची नियमांची वाट धड नव्हती, आणि त्या माणसाला फार हेलपाटे पडले. पण मी टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. आपण हवेत नेतो ते पुन्हा खाली यायचं असतं, आणि खाली गावं असतात.

इथे एक वस्तू आणली आहे. पुढच्या रांगेतल्यांनो, हातोहात मागे पाठवा, आणि कृपा करून तोंडात घालू नका. हा रिव्हेट. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, एका टोकाला डोकं, पुढे सरळ दांडी. विमानाचे पत्रे असल्या हजारो रिव्हेटांनी एकत्र धरलेले असतात. दोन पत्रे एकावर एक ठेवून भोक पाडायचं. भोकाच्या काठाला बारीक खरखरीत कड येते, तिला आम्ही बर म्हणतो, ती काढायचीच. मग एकाने बाहेरून रिव्हेट-गन धरायची, दुसऱ्याने आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. गन तडतडते, दांडीचं टोक ठोकळ्यावर चेपून पसरतं. ते दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच झालं पाहिजे. जास्त चेपलं, तिरकं झालं, की ड्रिलने काढून टाका आणि नवा मारा. दोघांपैकी एकाचं लक्ष उडालं तर रिव्हेट वाया, कधी पत्राही. तारुण्यात माझे हात बारीक होते म्हणून पंखाच्या आत शिरायचं काम माझ्याकडे असायचं. आता पोट आडवं येतं.

एवढ्याशा भोकाचं काय मोठंसं, असं वाटेल. १९५४ साली ब्रिटनची कॉमेट नावाची जेट प्रवासी विमानं हवेतच फुटली. तिथल्या लोकांनी एका विमानाचं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवून-उतरवून पाहिला. शेवटी पत्रा फाटला. चिरा सुरू होत होत्या त्या पत्र्यात कापलेल्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत, भोकांच्या आसपास. दर उड्डाणाला धातू थोडा ताणला जायचा, थोडा थकायचा. प्रवासी विमानाच्या खिडकीचे कोपरे गोलसर का ठेवतात, ते यावरून कळेल.

आता थोडं वादाचं बोलतो. आपल्या मराठी घरांत हमखास सांगितलं जातं की शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५मध्ये गिरगाव चौपाटीवर राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं. मलाही ते लहानपणी सांगितलं गेलं, छाती फुगली होती. पण तपासून पाहता येईल असा पुरावा त्यामागे नाही. ना आराखडा, ना मोजमाप, ना त्या दिवशीचा फोटो. राइट बंधू होते सायकल दुकानवाले. त्यांनी पंखाचे नमुने तपासायला स्वतःच वाऱ्याचा बोगदा बनवला, आकडे वहीत लिहिले, आणि १७ डिसेंबर १९०३च्या पहिल्या, जेमतेम १२ सेकंदांच्या उड्डाणाचा फोटो काढून ठेवला. माझ्यापुढे दोन्ही फायली आल्या असत्या तर सही कुठल्या फाइलवर केली असती, ते तुम्ही ओळखलंच असेल. मराठी अभिमानाला खरी नावं कमी आहेत का? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बंगळूरला विमान कारखाना काढला, तोच आजचा एचएएल. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे जर्मनीत शिकून आले. त्यांच्या हाताखाली आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१मध्ये उडालं आणि कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. त्याची कागदपत्रं आहेत.

आता पुन्हा घरी विमान बांधणाऱ्यांकडे वळू. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्यांची १९५३पासूनची संघटना आहे. एकट्या 'व्हॅन्स' कंपनीच्या किटमधून लोकांनी घरी बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं उडाली आहेत. तिथला नियम मला फार आवडतो: निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असलं पाहिजे. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवाव्या लागतात. तपासणारा येतो तेव्हा तो आधी वही मागतो.

आणि पालघर? फेब्रुवारी २०१८मध्ये राज्य सरकारने यादव यांच्या कंपनीशी करार केला. १९ आसनी विमानांचा कारखाना, जागा पालघर जिल्ह्यात, आकडा ३५ हजार कोटींचा. बातमी वाचून मी घरात पेढे आणले. त्या कारखान्याची शेड मात्र मी अजून पाहिलेली नाही. पालकांनो, त्या शेडवर मुलांचं भवितव्य टांगून ठेवू नका. पण कारखाना आलाच तर फिटर बाहेरून आणायची वेळ येऊ नये.

कारण हात इथे आहेत. चिंचणी-वरोरकडे घराघरांत दागिन्यांचे डाय कोरतात. लोखंडाच्या ठोकळ्यात केसाएवढी रेघ चुकली तर सोन्यात ती दिसते, हे त्या घरातल्या पोरांना शाळेआधी कळतं. असा हात तयार व्हायला कारखान्यात वर्षं जातात.

ज्यांना या कामात यायचं आहे त्यांनी दोन गोष्टी लिहून घ्या. विमान देखभालीच्या अभ्यासक्रमाला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. गणित सोडू नका. नसेल जमत तर आयटीआयमधून फिटर किंवा शीट मेटल करा, त्या दारानेही आत येता येतं. आणि रिव्हेट परत आला का? मागच्या रांगेत कोणाकडे आहे? ठेव, तुझ्याकडेच ठेव.

पडद्यामागे तारपा घेतलेली मुलं कधीची ताटकळली आहेत.