श्रवणयंत्राचे दान आणि श्रवणाचे दान



नेत्रशिबिरात डोळे तपासल्यावाचून चष्म्याचा नंबर कोणी ठरवीत नाही. जयपूर येथे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीच्या शिबिरांत कृत्रिम पाय ज्याच्या-त्याच्या मापानेच बसविला जातो. श्रवणयंत्राच्या बाबतीत मात्र हा विवेक पुष्कळदा सुटतो. एकाच बनावटीची यंत्रे ओळीने वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि काही महिन्यांत यंत्र पेटीच्या तळाशी जाते. ‘मूल यंत्र लावतच नाही’ हा दोष मात्र त्या बालकाच्या पदरी पडतो.

बालकाची कर्णनलिका लहान असते. त्यामुळे तेच यंत्र, त्याच मापावर, मोठ्या माणसापेक्षा बालकाच्या कानात अधिक जोराचा आवाज निर्माण करते. आवाज फार झाला तर मूल यंत्र ओढून काढते आणि उरलेल्या श्रवणशक्तीलाही धोका पोहोचू शकतो. कमी झाला तर यंत्र असूनही बोलणे कळत नाही. म्हणून श्रवणतज्ज्ञ कानात एक बारीक, मऊ नळी ठेवून यंत्रातून प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजतात आणि त्यानुसार यंत्र जुळवितात. ही मोजणी हाच यंत्र बसविण्याचा गाभा होय.

दुसरी गोष्ट कानातील साच्याची. कानाचे माप घेऊन तो तयार होतो. मूल वाढते तसा कानही वाढतो. साचा सैल पडतो आणि यंत्र शिटी वाजवू लागते. आवाज कमी करून शिटी थांबविणे हा उपाय नव्हे. साचा बदलणे हाच उपाय. तान्ह्या बाळाचा साचा तर वर्षातून अनेकदा बदलावा लागतो.

इतका काटेकोरपणा कशासाठी? ‘आला’ आणि ‘आलास’ यांत फरक केवळ एका ‘स’चा आहे. हा वर्ण बारीक व उंच पट्टीचा; तो कानी पडला नाही तर ‘सात’ आणि ‘आत’ एकच होतात. जे वर्ण ऐकू येत नाहीत ते मूल बोलणार कसे? भाषा कानाने शिकली जाते आणि तिचा काळ थांबत नाही. म्हणूनच पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारास आरंभ, हा दंडक जगभरातील तज्ज्ञांनी मान्य केला आहे.

घरी मातापित्यांनी रोज सकाळी यंत्र लावल्यावर पाठीमागून आ, ई, ऊ, म, स, श हे सहा ध्वनी उच्चारावेत. एखाद्या ध्वनीला मूल प्रतिसाद देईनासे झाले, तर सेल, साचा वा यंत्र तपासावे. सेल मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळल्यास जिवावर बेतते. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्यास बहुधा दोन यंत्रे लागतात आणि जागेपणी ती सतत लावावीत. घरात अहिराणी असो, मराठी वा मारवाडी, त्या बालकाशी भरपूर बोलावे.

साधने उपलब्ध आहेत. मुंबईच्या वांद्रे भागात १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. उपकरणांसाठी केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना १९८१ पासून आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांच्या श्रवणदोषाची तपासणी आणि जिल्हा पातळीवर शीघ्र उपचार केंद्राची तरतूद आहे.

तथापि नरडाण्याहून रेल्वे असली, महामार्ग असला, तरी मोलमजुरी करणाऱ्या मातेस तज्ज्ञाकडे प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. दुसरी-तिसरी फेरी येथेच चुकते आणि यंत्र निरुपयोगी होते. समाजाच्या दानशूरतेची खरी गरज येथे आहे. दहा यंत्रे वाटण्याऐवजी पाचच द्यावीत; परंतु त्या पाच बालकांची मोजणी, नवे साचे, सेल, दुरुस्ती आणि प्रवासखर्च यांचे दायित्व काही वर्षे तरी स्वीकारावे. दात्याच्या नावाची पाटी त्या यंत्रावर नसेल. पण ते बालक ‘आई’ म्हणेल आणि हाकेला ओ देईल, तेव्हा दान पूर्ण झाले असे समजावे.