नाव नवे, गाव जुने

गावाचे नाव म्हणजे त्या गावाचा सर्वांत जुना कागद, असे आपण धरून चालतो. नावाची फोड केली की इतिहास हाती लागलाच! पण प्रत्येक गाव इतके सरळ नसते. उत्तर ग्रीसमधल्या व्हेर्गिना या खेड्याची हकिकत याच दृष्टीने ऐकण्याजोगी आहे.

मॅसिडोनिया प्रांतात हालियाक्मोन नदीच्या दक्षिणेला, पिएरिया डोंगराच्या पायथ्याशी, कूटलेस आणि बार्बेस अशा दोन लहान वाड्या होत्या. पंचवीसएक ग्रीक कुटुंबे तुर्की जमीनदाराच्या शेतात राबत होती. १९२२ साली आशिया मायनरमध्ये ग्रीक फौजेचा पाडाव झाला, आणि १९२३ मध्ये लोझान येथे ठरले की, काही अपवाद सोडता, तुर्कस्तानातल्या ग्रीकांनी ग्रीसमध्ये यावे व ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात जावे. घरदार, शेतभात, वाडवडिलांची थडगी मागे टाकून लाखो माणसे निघाली. त्यांतली शंभरावर कुटुंबे या दोन वाड्यांपाशी आली. जमीनदार गेला, जमिनीचे तुकडे पाडून वाटले गेले आणि एक नवे गाव उभे राहिले.

आता नाव काय द्यायचे? जवळच्या व्हेरिया शहराच्या धर्माध्यक्षांनी सुचवले, ‘व्हेर्गिना’. ही एका दंतकथेतली राणी. तुर्कांच्या हाती लागण्यापेक्षा तिने मरण पत्करले, असे लोक सांगत. तुर्कस्तानातून उठून आलेल्यांना हे नाव का रुचले असेल, हे तुम्हांला सांगायला नकोच.

गंमत पुढेच आहे. या लोकांनी जिथे नांगर धरला, ती साधी शेतजमीन नव्हती. आपल्याकडे जिला गावाची पांढर म्हणतात, तशी ती जुनी पांढर होती. शेजारच्या गावाचे नाव पालातित्सिया, म्हणजे ‘छोटे राजवाडे’. राजे कोण, वाडे कुणाचे, हे लोक विसरले होते. नाव मात्र विसरले नव्हते. १८६१ मध्ये लेओं ह्यूझे या फ्रेंच संशोधकाने तिथे खणले, आणि खरोखरच एका मोठ्या राजवाड्याचे अवशेष निघाले.

तो कुणाचा? मॅसिडोनियाच्या राजांची जुनी राजधानी ऐगाई. या नावाचा संबंध ग्रीक लोक बकरीशी लावीत. बकऱ्यांच्या कळपामागे जाऊन राजाने हे शहर वसवले, अशी कथा आहे. जस्टिन या लॅटिन लेखकाने ऐगाई म्हणजेच एदेसा असे लिहून ठेवले, आणि विद्वान कित्येक वर्षे एदेसाकडे बोट दाखवीत राहिले. १९६८ साली हॅमंड या इंग्रज इतिहासकाराने सांगितले, ऐगाई व्हेर्गिनापाशी आहे. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी गावाच्या कडेचे प्रचंड टेकाड खणले, तेव्हा न लुटलेली थडगी सापडली. एकात सोन्याची पेटी, तिच्यात अस्थी, झाकणावर सोळा किरणांचा सूर्य! आंद्रोनिकोस यांच्या मते हे थडगे अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याचे. त्यावर वाद अजून आहे. पण इ.स.पू. ३३६ मध्ये फिलिपचा खून ज्या ऐगाईच्या नाट्यगृहात झाला, ते १९८२ मध्ये इथेच मिळाले.

आणि त्या सूर्याला जग काय म्हणाले? ‘ऐगाईचा सूर्य’ नव्हे, ‘व्हेर्गिनाचा सूर्य’! १९९२ मध्ये शेजारच्या नव्या मॅसिडोनिया प्रजासत्ताकाने तो निशाणावर घेतला. ग्रीसने हरकत घेतली, आणि १९९५ मध्ये निशाण बदलावे लागले. निर्वासितांच्या गावाला दिलेले एका दंतकथेतल्या राणीचे नाव दोन देशांच्या भांडणात सापडले.

मग यांतले खरे नाव कोणते? ऐगाई राजांचे, पालातित्सिया लोकांच्या आठवणीचे, व्हेर्गिना नव्याने घर मांडणाऱ्यांचे. तिन्ही खरीच. म्हणून गावाच्या नावाचा अर्थ शोधाल तेव्हा शेजारच्या गावाचेही नाव विचारा. आणि नाव नवे निघाले तर त्याला खोटे म्हणू नका. ते कुणी, काय गमावून ठेवले, तेवढे मात्र अवश्य विचारा.