लळिंगचा नासीरखान



धुळ्याहून मुंबईच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात लळिंगचा किल्ला दिसतो. उत्तरेला शिरपूर तालुक्यात, तापीकाठी थाळनेर. एकेकाळी ही दोन ठाणी दोन सख्ख्या भावांकडे होती, आणि भावाभावांत विस्तव जात नव्हता.

बाप मलिक राजा फारुकी. फिरोजशहा तुघलकानं १३७० मध्ये त्याला थाळनेर दिलं. १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला. १३९९ मध्ये तो वारला, तेव्हा थाळनेर धाकट्या इफ्तिकारकडे, थोरला नासीरखान लळिंगला. नासीरनं आसा अहिराला फसवून असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसवलं, तरी थाळनेरचा सल गेला नाही. १४१७ मध्ये माळव्याच्या होशंगशहाची कुमक आणून त्यानं ते भावाकडून हिसकावलं. लगेच गुजरातचा अहमदशहा चालून आला. माळव्याच्या फौजेनं काढता पाय घेतला. नासीरनं मुकाट्यानं अहमदशहाचं वर्चस्व मान्य केलं, वर त्याच्याकडून ‘खान’ हा किताबही घेतला!

गुजरातचं जोखड जाचू लागलं, तसं त्यानं बहामनींशी सूत जुळवलं. १४२९ मध्ये लेक शहजादा अलाउद्दीनला दिली. जावई बिदरच्या गादीवर बसला, आणि पुढे संगमेश्वरच्या राजाची मुलगी त्याच्या जनानखान्यात आली. लेकीनं माहेरी गाऱ्हाणं कळवलं. बापानं वऱ्हाडावर स्वारी केली, तीही गुजरातच्याच संमतीनं. लेकीचं दुःख मला तरी निमित्तच वाटतं. वऱ्हाडातले काही सरदार त्याला सामील झाले होते, ही संधी तो कशी सोडणार?

डाव अंगाशी आला. बहामनी सेनापती खलफ हसननं रोहिणखेडला त्याचा मोड केला, बऱ्हाणपूर लुटून जाळलं. नासीर लळिंगला पळाला, तिथंही हरला. त्याच १४३७ साली तो वारला.

अशा राजाला दलबदलू म्हणणं सोपं आहे. पण तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या कचाट्यात सापडलेल्या खानदेशापुढे दुसरी वाट कोणती होती? बहामनी राज्याचे पाच तुकडे झाले. माळवा १५३१ मध्ये गुजरातनं गिळला, गुजरात १५७३ पर्यंत अकबरानं. फारुकींचा असीरगड त्याच अकबराच्या हाती पडायला जानेवारी १६०१ उजाडावं लागलं.