कायमचा रंग



काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत, उद्या आपण अर्थकारणावर ऐकणार आहात, आणि या दोहोंच्या मध्ये आजची संध्याकाळ कलपाच्या वाट्याला आली आहे. विषय जाहीर झाला तेव्हा एक वयोवृद्ध स्नेही मला वाटेत गाठून म्हणाले, "मास्तर, या वयात हा काय विषय काढलात?" मी उत्तर दिले नाही. त्यांच्या डोक्याकडे नुसते पाहिले. डोके काळेभोर होते आणि भांगात, अगदी मुळाशी, पांढरी शुभ्र रेघ उमटली होती. तेही समजले, मीही समजलो, आणि आम्ही पावसापाण्याचे बोलू लागलो.

आमच्या वडिलांच्या पिढीत कलप ही चोरून करण्याची गोष्ट होती. रविवारी दुपारी दार लावून, जुने धोतर खांद्यावर टाकून गृहस्थ आरशापुढे बसत. आता तसे राहिलेले नाही. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यापासून कल्याणच्या गल्लीबोळापर्यंत पार्लरे झाली आहेत. डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली. आता पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात पार्लरात रिकामी खुर्ची मिळत नाही. यात मला काही वाईट दिसत नाही. नऊवारी नेसून फडके रोडवरून मिरवायचे तर केस काळे असावेत असे एखादीला वाटले, तर त्यात बिघडले काय? मात्र मी तीस वर्षे पोरांना रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे लोक मला या रंगाविषयी विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नांवरून माझ्या ध्यानात आले की जे समजायला हवे त्याच्या नेमके उलट समजून आपण त्या खुर्चीवर जाऊन बसतो.

या रंगाला 'पर्मनंट' म्हणतात, म्हणजे कायमचा. तेव्हा आधी हा कायमपणा कसला आहे ते पाहू.

आपण ज्याला केस म्हणून कुरवाळतो तो निर्जीव पदार्थ आहे. जिवंत भाग तेवढा कातडीच्या आत, मुळाशी असतो. केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखी एकावर एक चढलेली खवले असतात आणि त्यांच्या आत गाभा. आपला काळेपणा त्या गाभ्यात असतो. कलपातला अमोनिया ही कौले उचकटतो. मग आत शिरतात ते रंगाचे कच्चे कण. हे कण अगदी बारीक असतात आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला रंग जवळजवळ नसतोच. म्हणून तर ट्यूबमधून निघालेली मलई पांढरट दिसते आणि वाटीत हळूहळू काळवंडते. दुसऱ्या बाटलीत असतो हायड्रोजन पेरॉक्साइड. तो दोन कामे करतो. आपला मूळचा रंग थोडा जाळतो, आणि या बारीक कणांना एकमेकांत गुंतवून त्यांचे मोठे रेणू बनवतो. हे मोठे झालेले रेणू आले त्या फटीतून बाहेर पडू शकत नाहीत. डोंबिवलीकरांना हे मी अधिक काय समजावून सांगू? सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आपण एकेकटे, अंग चोरून शिरतो, आणि आत गेल्यावर सर्वांचा मिळून असा एक गठ्ठा होतो की ज्याला ठाण्याला उतरायचे असते तो सरळ दादरला जातो. कलपाचा कायमपणा तो हाच.

पण तो कायमपणा त्या केसापुरता. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा केस मुळातून जसा यायचा तसाच येतो. त्याला वर काय लावले होते याची खबरबात नसते. "पर्मनंट म्हणून इतके पैसे घेतले आणि महिन्यात मुळे पांढरी!" अशी तक्रार करणाऱ्या भगिनीची फसवणूक त्या पार्लरने केलेली नसते, शब्दाने केलेली असते. उलट पेरॉक्साइडने जो मूळचा काळेपणा जाळला तो मात्र त्या केसात पुन्हा येत नाही. रंग उतरत गेला की खालून तांबूस केस दिसतो तो त्यामुळेच. त्यावर उपाय एकच, वाट पाहणे आणि कात्री.

याच्याच शेजारचा समज असा की कलप लावल्याने उरलेले केसही पांढरे होतात. एक पांढरा उपटला की सात येतात, हे त्याचे धाकटे भावंड. केस पांढरा होणे ठरते मुळातल्या रंगपेशींवर, आणि तिथे वरच्या लेपाचे काही चालत नाही. घराण्याचा वारसा असतो, कधी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते, कधी थायरॉईडचे दुखणे असते. विशीतच डोके पिकू लागले तर पार्लरआधी डॉक्टरांकडे जावे हे बरे. मग लोकांना हा अनुभव येतो तो का? कारण सोपे आहे. काळ्यापांढऱ्या मिश्रणात जे पांढरे खपून जात होते, ते रंगवलेल्या काळ्याकुट्टाच्या मुळाशी उठून दिसतात. आणि मधल्या काळात वयही थांबलेले नसते!

आणखी दोनतीन गोष्टी झटपट सांगून टाकतो. "आणखी वीस मिनिटे राहू दे गं, चांगला चढू दे," असे सांगणाऱ्या काकूंना वाटते की कलप म्हणजे लोणचे आहे, जितके मुरेल तितके बरे. वेष्टनावर लिहिलेल्या वेळात मघाची गुंतागुंत होऊन गेलेली असते. त्यापुढे रंग वाढत नाही, केसाचा आणि कातडीचा जाच तेवढा वाढतो. दुसरे, बाटलीवर २० किंवा ४० व्हॉल्यूम लिहिलेले असते ते टक्के नव्हेत. एक माप द्रावणातून वीस मापे प्राणवायू निघतो म्हणून ते २०. टक्क्यांत ते सहाच्या आसपास भरते आणि चाळीसचे बाराच्या आसपास. "चाळीसचेच लावा, लवकर होईल," असे सांगून घाई करू नये. तिसरे, रंगावर रंग चढवून केस उजळत नाहीत. वर्षानुवर्षे घरी काळा कलप लावलेली कन्या मासिकातले चित्र दाखवून "मला असा तपकिरी हवा" म्हणते, तेव्हा आधी तो काळा ब्लीचने काढावा लागतो आणि वाटेत नारिंगी, पिवळ्या अशा अवस्था लागतात. चित्रातल्या बाईंनी कुठून प्रवास सुरू केला होता हे चित्रात लिहिलेले नसते.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिकडे वळतो.

माझी मेव्हणी डोंबिवलीला असते. मुलाच्या लग्नासाठी बावन्नाव्या वर्षी तिने पहिल्यांदा केस रंगवायचे ठरवले. पार्लरचे नाव मी घेणार नाही, आणि त्याची जरुरीही नाही. तिने विचारले, "आधी थोडेसे लावून बघायचे असते ना?" तिथली मुलगी म्हणाली, "काकू, अमोनिया-फ्री आहे. काही होत नाही." दुसऱ्या दिवशी टाळू खाजू लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. कपाळ, पापण्या, कान सगळे सुजून आलेले, मानेवर पाणी धरलेले फोड. लग्नात ती मुलामागे उभी राहिली ती काळा चष्मा लावून. आजही तो फोटो कोणी काढला की ती उठून आत जाते.

इथे दोन गैरसमज एकत्र आले होते. पहिला अमोनियाचा. अमोनियाचा वास नाकात जातो म्हणून आपण त्याला खलनायक ठरवले. अमोनिया नसलेल्या कलपात कौले उचकटायला दुसरे अल्कली द्रव्य घातलेले असते, बहुधा इथेनॉलअमाइन. त्याला वास कमी. पण सूज आणणारा निराळाच असतो, आणि तो अमोनियासहित व अमोनियारहित अशा दोन्ही डब्यांत बसलेला असू शकतो. त्याचे नाव पॅराफिनिलीनडायअमाइन. तोंडात मावत नाही म्हणून पीपीडी म्हणतात. हेच ते बिनरंगी कच्चे कण. दगडी कोळशाच्या डांबरातून रंग काढण्याचे युग १८५६ साली पर्किनच्या जांभळ्या रंगाने सुरू झाले. त्याचे गुरू हॉफमन यांनी १८६३ साली पीपीडीचे वर्णन केले, आणि १९०९ साली पॅरिसमध्ये श्युलर नावाच्या रसायनज्ञाने केसांच्या रंगाची कंपनी काढली, ती आज लॉरेआल म्हणून जगभर पसरली आहे. तेव्हापासून गडद रंगाच्या बहुतेक कायम कलपांचा हा, नाहीतर याचे सख्खे भाईबंद, आधार आहेत. रंगाची रसायने हा डोंबिवलीला परका विषय नाही. २०२० साली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. मेव्हणी म्हणाली, "मी तर जन्मात पहिल्यांदा लावला. मग मलाच कसे?" त्वचेच्या डॉक्टरांनी उलट विचारले, "काळी मेंदी कधी काढली होती?" तेव्हा तिला आठवले. दोन वर्षांपूर्वी नात्यातल्या लग्नात हातावर काळी मेंदी काढली होती, आणि नक्षीच्या रेघांवरच पुरळ उठून खाज सुटली होती. उन्हाळा होता, घामोळे म्हणून सोडून दिले. बंधुभगिनींनो, शुद्ध मेंदी काळी रंगत नाही. ती नारिंगी ते तांबूसतपकिरी रंगते, आणि त्यासाठी काही तास लागतात. केसांवर नीळ मिसळून काळा आणता येतो, तो निराळा प्रकार. पण अर्ध्या तासात हातावर काळीभोर उमटणारी मेंदी दिसली की तिच्यात पीपीडी घातलेले असण्याचा दाट संशय घ्यावा. लहान मुलींच्या हातावर तर ती काढू देऊच नये. शरीर त्या वेळी शत्रूचा चेहरा पाहून ठेवते. पुन्हा गाठ पडते तेव्हा लढाई पेटते, आणि लढाई आपल्याच तोंडावर होते. काहींना दहादहा वर्षे सुखाने कलप लावल्यावर एके दिवशी हे होते. म्हणून "मी नेहमी लावतो, मला काय होणार?" हा युक्तिवाद खोटा.

आणि एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर जात नाही. पाहा, रंग महिन्याने मुळाशी पांढरा होतो, केस कापला की संपतो. त्या डब्यात खरोखर पर्मनंट असे काही असेल तर ते हेच, आणि नेमके त्याच्याबद्दल डब्याच्या दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरात काही नसते. मेव्हणीला आता बधिर करण्याची काही औषधे आणि कापडाचे काही रंगही सांभाळावे लागतात, कारण शरीराला ते पीपीडीचे नातेवाईक वाटतात.

दर्शनी बाजूला नसले तरी वेष्टनावर कुठेतरी असते. पीपीडी असलेल्या कलपावर इशारा छापलाच पाहिजे, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही, असा आपल्याकडचा नियम आहे. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, लावण्यासाठी कालवलेला रंगच थोडासा लावायचा, वाळू द्यायचा आणि चोवीस तास थांबायचे. हे पहिल्या वेळेपुरते नव्हे, प्रत्येक वेळी. त्वचारोगतज्ज्ञ अठ्ठेचाळीस तास थांबा म्हणतात, आणि मला ते पटते, कारण ही अ‍ॅलर्जी आळशी असते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठते. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी मात्र ही परीक्षाही घरी करू नये, डॉक्टरांकडे जावे. त्याच इशाऱ्यात भुवया आणि पापण्या रंगवू नका, आंधळेपणा येऊ शकतो, असेही असते. हे कोणी घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा रंग निघाला, त्याने बायकांची दृष्टी गेली. १९३८ साली तिथे कडक कायदा झाला त्यामागे जी प्रकरणे होती त्यांत हेही होते. आपल्याकडे "भुवयांनाही जरा हात फिरवू का?" असे प्रेमाने विचारतात. नको म्हणावे.

कर्करोगाचे काय, हा प्रश्न पहिल्या रांगेतून येणार हे मला दिसते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आपल्यासारख्या केस रंगवून घेणाऱ्यांविषयी म्हटले आहे की निर्णय देण्याजोगा पुरावा नाही. पण त्याच ग्रंथात केशकर्तनाचा आणि केशरचनेचा व्यवसाय मात्र 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातला आहे. म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यापेक्षा खुर्चीमागे उभ्या असलेल्या माणसाची काळजी अधिक. आपण दोन महिन्यांतून एकदा जातो. ती मुलगी दिवसातून सहा डोकी रंगवते, आणि हातमोजा फाटला तर नवा मागायला कचरते, कारण तो मालकिणीच्या हिशेबात असतो. तिच्या बोटांकडे कधी पाहिलेत का? माझी मेव्हणी सांगत होती की "काही होत नाही" म्हणणाऱ्या त्या मुलीच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या होत्या, आणि तिला वाटत होते की त्या भांडी घासण्याच्या पावडरीने पडल्या आहेत.

अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले आहे. प्रश्नांसाठी मी मागच्या दारापाशी थांबतो.